दहावा दिवस

पहिल्या दिवशी सलाईन. तिसऱ्या दिवशी कमरेचा पंप निघतो.
चौथा ते आठवा, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.
ते दिवस नुसते मोजायचे असतात.
नववा जरा माणसासारखा.
दहाव्याला मी मासे धरायला जाते.

'दहाव्याला' म्हटलं की नणंदेचा चेहरा उतरतो.
नाशकात या शब्दाला एकच अर्थ:
रामकुंड, भाताचा गोळा, कावळ्याची वाट.
म्हटलं, वन्सं, नदी तीच आहे,
मी फक्त वरच्या अंगाला बसते.
त्या हसल्या नाहीत. डबा मात्र भरून दिला.

सावरगावच्या पुढं द्राक्षबाग संपते
आणि धरणाचं पाणी गवतात शिरतं,
तिथं माझा दगड आहे.
पौषाची सकाळ. अंजनेरी अजून दिसायची आहे.
बागेतून गंधकाच्या फवाऱ्याचा वास येतो,
सातव्या सायकलनंतर हा एकच वास
मला ओकारी आणत नाही. का ते माहीत नाही.

गार आता गार लागत नाही.
स्टीलचा पेला धरला की बोटांत खिळे शिरतात,
फ्रिज उघडायला शेजारचा यशोधन लागतो.
डॉक्टरीण म्हणाली, थंड पाण्यात हात घालायचा नाही.
कुणाला सांगताय, बाई!
बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होते,
गड्डीत एक कागद पातळ निघाला
तर डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.
तोच अंगठा आता
ब्लाउजचा हूक लागला का, हे मला विचारतो.

म्हणून कणीक पुंजाराम भोये मळतो.
हळद, चिमूटभर हिंग, शेंगदाण्याची पेंड.
गोळे करून दगडावर ओळीनं मांडतो.
कावळा आलाच.
पुंजा पाण्याकडं बघायला लागला, मी चपलेकडं.
मग मीच हात उगारला,
अरे, हे माशांचं आहे!
तो दोन पावलं सरकला आणि तिथंच बसला,
हजेरी लावल्यासारखा.

तात्या तरंगा लावू द्यायचे नाहीत.
तरंगा लावला की डोळे मासा धरतात, म्हणायचे, हात नाही.
एकलहऱ्याच्या बंधाऱ्यावर मला सात वर्षांची असताना
तंगूस बोटावरून सोडून बसवलं होतं त्यांनी,
आणि पाण्याखालचं सगळं, गवत, खडा, खोटी ओढ, खरी ओढ,
त्या एका बोटातून वर यायचं.
आता बोटात काहीच येत नाही.
गेल्या दोन दहाव्यांना मासे गोळे खाऊन गेले,
मी आपली लोकरीचे हातमोजे घालून राखणीला.

आज बाही वर केली.
तंगूस कोपराच्या आतल्या वळणावरून घेतला,
जिथं रक्त काढून काढून कातडं
निळं, पिवळं, आणि फार जागं झालंय.
पुंजा म्हणाला, हे काय नवीन?
गप, म्हटलं.

बराच वेळ नुसतं पाणी.
डबा उघडला. धिरडी. एक खाल्लं, एक ठेवलं.
मग तिथं, सुईच्या जागेवर,
टिक.
कुणी तरी दारावर नखानं वाजवावं तसं.
थांबले. टिक टिक.
आणि मग ती ओढ, जिला शब्द लागत नाही.

खवल्या होता. पावशेर भरला नसता.
पुंजानं गळ काढला, माझ्यापुढं धरला, लांबूनच.
मी डाव्या हातातला मोजा काढला.
बाई, नको, म्हणाला.
खिळे शिरले, सगळे, कोपरापर्यंत,
पण त्या खिळ्यांच्या मधून कुठं तरी
एक एक खवलं लागत होतं.
पातळ. मोजता येण्याजोगं.

मासा घरी आणला. वन्संनी हळद-मिठावर केला,
तोंडात फोड आहेत म्हणून तिखट नाही.
चव लागली नाही. सगळा खाल्ला.

शुक्रवारी पुन्हा सलाईन.
पुढचा दहावा अवसंला येतोय.
अवसंला मासा बरा लागतो, असं पुंजा म्हणतो.
थाप असेल.
कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.